मोगली कुणाच्या गावचा?

बालाघाटहून लालबर्‍याला यायचं तर वैनगंगेवरचा पूल ओलांडावा लागतो. किपलिंगच्या मोगलीची नदी ती हीच. शेरखान मरतो तो तिच्याच काठच्या घळीत. रानकुत्र्यांची टोळी मागे लागते तेव्हा मोगली उडी घेतो तीही हिच्याच पात्रात. पुस्तकात नाव सिवनीचं आहे, पण सिवनीत उगम पावलेली वैनगंगा बालाघाट जिल्ह्यातून वाहत पुढं गोंदिया-भंडाऱ्याकडे येते. म्हणून त्या गोष्टीवर आमच्या मुलखाचाही हक्क आहे, असं मी लहानपणापासून धरून चालले आहे.

माझ्या मामाजींना हे साफ नामंजूर आहे. ते लालबर्‍याचे. आयुष्यभर हिंदी शाळेत शिकवलं, घरी मात्र वाचन मराठी. मी नागपूरची. मालिका, सिनेमे, गोष्टींची पुस्तकं यांवर जीव टाकणारी, आणि जे आवडलं ते चार माणसांना सांगितल्याशिवाय चैन न पडणारी. दिवाळीत त्यांच्याकडे गेले की आमचं ठरलेलं भांडण होतं. एखाद्या मुलखाची गोष्ट कुणी सांगितली म्हणजे ती त्या मुलखाची होते, हा त्यातला खरा प्रश्न. तो मला महत्त्वाचा वाटतो, म्हणून ते बोलणं इथं देते.

मामाजी : तो किपलिंग इथं आलाच नव्हता. जन्मला मुंबईत, नोकरी केली लाहोर-अलाहाबादच्या वर्तमानपत्रांत, अन् मोगली लिहिला अमेरिकेत जाऊन. ज्यानं सातपुड्याच्या सागवानाखाली एक रात्र काढली नाही, त्याचं जंगल मी आपलं कायले म्हणू?

मी : अमेरिकेतच लिहिला, व्हर्माँटमध्ये. पहिलं पुस्तक १८९४चं, दुसरं १८९५चं. पण मामाजी, हवेतून नाही लिहिला. स्टर्नडेल नावाच्या साहेबानं सिवनीच्या जंगलातल्या मुक्कामांवर १८७७ साली पुस्तक काढलं होतं. ते किपलिंगच्या कामी आलं, असं अभ्यासक मानतात. आणि मोगलीला जेवू घालणारी मेसुआ नवऱ्याला घेऊन गावातून पळते ती कुठं? कान्हीवाड्याला. ते गाव आजही सिवनी जिल्ह्यात आहे.

मामाजी : गावाचं नाव नकाशात सापडते. मेसुआ पळते कायले, ते सांग. गाव तिले चेटकीण म्हणते, जाळाले निघते, म्हणून पळते. त्या पुस्तकातलं गाव पाहा तू. पुजारी लबाड, शिकारी थापाड्या, बाकीचे भित्रे. लांडगे न्यायानं वागतात, अस्वल गुरुजी आहे, अन् माणसाच्या बाजूचा न्याय पाहिजे असेल तं तो कान्हीवाड्याच्या इंग्रजाकडे. शेवटी मोगली हत्ती आणून सारं गाव मोडतो, उभं पीक तुडवून टाकतो. ते पीक कोणाचं होतं? माझ्या पणज्याचं. मी मोगलीच्या बाजूनं कसा बसू?

मामाजींचा हा मुद्दा मला सगळ्यात जड वाटतो. ती गोष्ट मी लहानपणी वाचली तेव्हा गाव मोडलं याचा मला आनंद झाला होता. लेखकानं तो आनंद व्हावा अशीच ती रचली आहे. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या वाचकाला तिथं थांबून विचारावंसं वाटलं, तर चूक वाचकाची नाही.

मी : त्या भागाची वकिली मी करणार नाही. पण त्याच गोष्टीत एक माणूस आहे, तो तुम्ही विसरता. जनावरं शेतात शिरायला लागली, गाव घाबरलं, तेव्हा गावकरी बोलावतात कुणाला? जवळच्या गोंडांच्या प्रमुखाला. त्याला विचारतात, जुने देव कोपले आहेत का. तो कारल्याचा वेल उचलतो आणि देवळाच्या दारावर आडवातिडवा गुंफतो. म्हणजे आता इथं रान वाढणार, तुम्ही निघा. ते चित्र माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. जंगलाची खूण ज्याला कळते तो माणूस या मातीतला आहे, हे किपलिंगला ठाऊक होतं.

मामाजी : अन् तो गोंड बोलला काय?

मी : काहीच नाही बोलला.

मामाजी : तेच म्हणतो मी. आमच्या मुलखातला खरा जाणता माणूस पुस्तकात आला, अन् त्याच्या तोंडी एक अक्षर नाही. लांडगा बोलतो, अजगर बोलतो, वाघ बोलतो. गोंड मुका. तुले तो मोगली आवडते तं आवडू दे. मी त्याले आपला म्हणणार नाही.

यानंतर आमच्या बोलण्याची गाडी त्या मुक्या गोंडापाशीच फिरत राहिली. शेवटी मी विषय टीव्हीकडे नेला, कारण माझं मोगलीशी नातं आधी पुस्तकातून जुळलं नाही. ते १९९३ सालच्या दूरदर्शनमधून जुळलं. निप्पॉन अ‍ॅनिमेशननं १९८९ साली केलेली ती जपानी मालिका, ५२ भागांची, आपल्याकडे हिंदीत आली. शीर्षकगीत गुलजारांचं, चाल विशाल भारद्वाजची, शेरखानाचा आवाज नाना पाटेकरांचा. रविवारी ती लागली की गल्ली ओस पडायची. माझ्या पिढीला सिवनीचं जंगल प्रथम दाखवलं ते एका जपानी चित्रकारांच्या चमूनं, आणि मला त्यात काहीही कमीपणा वाटत नाही.

मामाजी : पाहिली मी. नानानं आवाज असा लावला होता की पोरं भिऊन पांघरुणात शिरत. पण ते लांडगे किती केसाळ! आपला लांडगा सडपातळ, तांबूस, माळावर अन् झुडपांत राहणारा. दाट सागवानात तो फारसा राहतच नाही.

मी : मग गोष्टच होणार नाही! मोगलीला लांडग्यांनी वाढवलं नाही तर कुणी वाढवायचं?

मामाजी : होऊ दे ना गोष्ट. फक्त लांडगा नीट काढा.

मी : २०१६चा इंग्रजी सिनेमा बघा. सगळा लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत केला, जंगल संगणकावर उभं केलं, पडद्यावर खरा असा एक मोगलीचं काम करणारा पोरगाच. तरी त्यांनी चौकशी केली. १९६७च्या डिस्नेच्या सिनेमात माकडांचा राजा ओरांगउटान होता. ओरांगउटान भारतात नाही म्हणून या वेळी त्यांनी त्याला फार पूर्वी नामशेष झालेला प्रचंड कपी केलं. हिंदीत शेरखान पुन्हा नाना, भालू इरफान खान, बघीरा ओम पुरी. तो सिनेमा मी थिएटरात जाऊन पाहिला, आणि जंगलात पहिला पाऊस पडतो तेव्हा मला लालबर्‍याचा जून आठवला.

मामाजी : कपीची चौकशी केली, लांडग्याची नाही केली. अन् जून तुले आठवला, कारण तू इथं जून पाहिला आहे. ज्यानं पाहिला नाही, त्याच्यासाठी लॉस एंजेलिसचंच जंगल खरं.

यावर मी ‘शेरनी’ काढली. आमच्या घरात या सिनेमावर जेवढं बोललं गेलं तेवढं दुसऱ्या कशावर नाही. २०२०च्या शेवटी तिचं चित्रीकरण बालाघाटच्या जंगलात झालं. दिग्दर्शक अमित मसुरकर, ‘न्यूटन’वाले. १८ जून २०२१ला ती थेट मोबाइल-टीव्हीवर, प्राइम व्हिडिओवर आली. यवतमाळच्या पांढरकवड्याकडे २ नोव्हेंबर २०१८च्या रात्री अवनी वाघीण मारली गेली होती. वाघिणीच्या शोधावरचा हा सिनेमा पाहताना ते प्रकरण आठवल्याशिवाय राहत नाही. म्हणजे कथा विदर्भाची, जंगल बालाघाटचं, दिग्दर्शक मराठी. मला आणखी काय पाहिजे!

मी : तुम्ही सांगा, त्यात आपलं जंगल आहे की नाही?

मामाजी : आहे. ते मी नाकारत नाही. झाडं आपली, उजेड आपला, रेस्ट हाऊस आपलं. तांब्याची ती खाण वाघिणीची वाट अडवून बसते, तिथं मले मलाजखंड दिसलं. डोंगर वरून खोदून खोल खड्डा केला, त्याच्या काठावर उभं राहिलं की पोटात गोळा येते. तो खड्डा दाखवणारा सिनेमा खोटा नाही.

मी : मग तक्रार काय?

मामाजी : तक्रार दोन. पहिली ही, की इथं काढलेला सिनेमा इथल्या टॉकीजला लागला नाही. ज्यायच्या गावात कॅमेरे आले, त्यायच्यातल्या कितीकायनं तो पाहिला? मीच तुझ्या मोबाइलवर पाहिला, तोही चष्मा बदलून बदलून. दुसरी ही, की सारा सिनेमा साहेबाच्या कचेरीत फिरते. विद्या बालन चांगली वनाधिकारी आहे, पण आहे तं बाहेरून आलेली. मोहफुलं वेचाले, तेंदूपत्ता तोडाले जी बाई पहाटे जंगलात शिरते, तिच्या पोटात काय चालते, ते कोण सांगणार?

मी : ज्योती सांगते ना! गावातली ती बाई सभेत उभी राहते, बोलते, साहेबांना प्रश्न विचारते. चराईच्या जागेवर सागाची रोपं लावली, मग गुरं कुठं न्यायची, असा सरळ हिशोब त्या सिनेमात आहे. आणि शेवटी वाघिणीची पिल्लं कोण जपतं? वनखातं नाही जपत, शिकारी तर नाहीच नाही. गावची माणसं जपतात. किपलिंगचा गोंड बोलत नव्हता म्हणालात. ही बोलते. सव्वाशे वर्षांत एवढा फरक पडला, तो मोजाल की नाही?

मामाजींनी इथं बराच वेळ काही म्हटलं नाही. मग म्हणाले, ज्योतीवर अख्खा सिनेमा काढला असता तर मी लालबर्‍याच्या चौकात उभा राहून सांगितलं असतं की हा आपला आहे.

मला ही अट फार कडक वाटते, पण ती मनातून जात नाही. ‘शेरनी’ मला अजूनही गेल्या काही वर्षांतला जंगलावरचा सगळ्यात प्रामाणिक हिंदी सिनेमा वाटतो. वाघाच्या डरकाळीवर तो पैसे कमवत नाही. वाघीण फार थोडा वेळ दिसते, आणि ती दिसत नाही तेव्हाच तिची काळजी वाटते. शेवटी संग्रहालयात पेंढा भरून ठेवलेली जनावरं दाखवली आहेत. त्यानंतर मी टीव्ही बंद केला आणि कुणाशी बोलले नाही. जो सिनेमा बडबड्या माणसाला गप्प करतो, त्याला मी वरच्या रांगेत बसवते.

आवाजाचा विषय निघाला आणि गाडी मराठी मालिकांवर आली. लालबर्‍यासारख्या गावात मराठी माणसाची अडचण वेगळी आहे. १९५६ पर्यंत नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती. त्या वर्षी १ नोव्हेंबरला नवी राज्यं झाली, नागपूर तिकडे गेलं, बालाघाट इकडे राहिलं. शाळा हिंदी, कचेरी हिंदी, घरात कुठं पवारी, कुठं झाडीकडची मराठी. मराठी पुस्तकाचं दुकान जवळ नाही. १९९९ साली अल्फा मराठी वाहिनी सुरू झाली, आणि अशा घरांत मराठी रोज संध्याकाळी यायला लागली ती टीव्हीतून. पण ती पुण्या-मुंबईची मराठी होती. म्हणून २०१६ साली ‘माझ्या नवऱ्याची बायको’मधली राधिका नागपुरी ढंगात बोलायला लागली, तेव्हा माझी मामी स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली, ते मला आठवतं.

मामाजी : तुझी मामी खूश होती. मी नाही. ती अनिता दाते मूळची नाशिकची. आमची बोली शिकून बोलली.

मी : शिकून बोलली, हाच तर मान आहे! आधी नागपुरी बोलणारं पात्र म्हटलं की हसवायला ठेवलेला नोकर किंवा गावंढळ पाहुणा. राधिका नायिका होती. ती फसवली गेली, उभी राहिली, मसाल्याचा धंदा काढला, आणि हे सगळं ‘करून राहिली’ म्हणत केलं. मालिका पुढं फार लांबली, शेवटची दोन वर्षं मी सोडून दिली, ते वेगळं. पण पहिल्या वर्षाची राधिका मी कुणाला नावं ठेवू देणार नाही.

मामाजी : मग ‘झुंड’ सिनेमातली पोरं घे. ती नागपूरची खरी पोरं, रस्त्यावरून उचललेली. नागराज मंजुळेनं त्यायले शिकवलं नाही कसं बोलायचं. ती हिंदी बोलतात ती आपली हिंदी आहे, मराठीच्या पाण्यात भिजलेली. बालाघाटच्या बसस्टँडवर तीच ऐकू येते. अमिताभसमोर उभं राहून ती पोरं जराही लाजत नाहीत. तो अंकुश गेडाम, त्याले पुढं फिल्मफेअर मिळालं. हे मले पटते. ज्याची गोष्ट आहे, त्याच्याच तोंडून.

इथं आमचं एकदम जुळलं, आणि असं क्वचित होतं. ‘झुंड’ (२०२२) पहिल्या तासात मला श्वास घेऊ देत नाही. उत्तरार्ध सैल आहे, तोही मी दोनदा बसून पाहिला. मामाजी तर त्याची तुलना झाडीपट्टीच्या नाटकाशी करतात, आणि त्यांच्याकडून याहून मोठी शाबासकी नाही. दिवाळीनंतर वडशाहून नाटकमंडळ्या निघतात, होळीपर्यंत गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडाऱ्याच्या गावागावांत रात्रभर मांडव जागतात. मामाजी तरुणपणी त्यासाठी सायकलनं जिल्हा ओलांडायचे. २०२३ साली झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा त्यांनी ती बातमी कापून भिंतीला लावली. अमिताभच्या सिनेमाला त्या भिंतीशेजारी जागा देणारा माणूस हट्टी असला तरी संकुचित नाही.

मग मी शेवटचा प्रश्न विचारला : तुमच्या अटीत बसेल असं आपल्या जंगलाचं पुस्तक कोणतं?

मामाजी : मारुती चितमपल्ली. दुसरं नाव नाही.

मी : तेही सोलापूरचे होते, मामाजी.

मामाजी : सोलापूरचे होते, पण राहिले इथं. नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट. वनखात्यात नोकरी केली, पण साहेबासारखी नाही. नवेगावचे माधवराव पाटील, तळ्यावरचे ढिवर, जंगलातले गोंड, यायच्यापाशी बसून शिकले, अन् ज्याच्याकडून शिकले त्याचं नाव पुस्तकात लिहिलं. ‘रानवाटा’ वाच, ‘नवेगावबांधचे दिवस’ वाच. त्यात गोंड बोलतो. तेवढंच पाहिजे मले. व्यंकटेश माडगूळकर माणदेशातले, तेही नागझिऱ्यात जाऊन राहिले, पाहिलं, अन् मग ‘नागझिरा’ लिहिलं. गावचाच पाहिजे असं मी कधी म्हटलं? राहिला पाहिजे, ऐकलं पाहिजे.

चितमपल्ली २०२५च्या १८ जूनला गेले. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री जाहीर झाली होती. मामाजींना त्यांच्याबद्दल बोलताना मध्येच थांबावं लागलं.

पण मी माझा मुद्दा सोडला नाही, आणि आजही सोडत नाही.

मी : पुस्तकं मोठी आहेत, मान्य. पण लालबर्‍याच्या पोरापर्यंत कोण पोचलं? मोगली पोचला. हिंदीत, टीव्हीवर, फुकट. कान्हा, पेंच आणि नवेगाव-नागझिरा यांच्यामधली वाघांची वाट बालाघाटच्या जंगलातून जाते. तुमच्या सोनेवानीच्या जंगलातला वाघ नागझिऱ्यात जाऊ शकतो, त्याला राज्याची हद्द आडवी येत नाही. ‘नागझिरा’ नावाचं पुस्तक मात्र गोंदियाच्या अलीकडे येत नाही. तुमचा नातू हिंदी शाळेत शिकतो. त्याला मोगली पाठ आहे. चितमपल्ली हे नाव त्यानं ऐकलंय का?

मामाजी : नाही ऐकलं.

मी : म्हणून मी मोगलीला हाकलत नाही. तो दार उघडतो. बघीराच्या नादानं पोरगं विचारतं की आपल्या जंगलात काळा बिबट्या आहे का. तिथून पुढं कुणाचं बोट धरायचं, ते मोठ्यांनी ठरवावं.

मामाजी : अन् तो मुका गोंड?

मी : त्याच्याबद्दलही सांगावं. कारल्याचा वेल का लावला, ते तुम्ही सांगा. किपलिंगनं सांगितलं नाही तेवढं तुम्ही सांगा.

माझं मत आहे ते असं. मोगली सिवनीचा, बालाघाटचा, जपानचा आणि अमेरिकेचाही. तो आता कुणा एकाचा राहिलेला नाही, आणि त्याच्यावर रुसून आपलं जंगल आपल्याला परत मिळणार नाही. ‘शेरनी’ आपली आहे, अर्धी का होईना. चितमपल्ली पूर्ण आपले आहेत, आणि त्यांनाच आपण घरात कोंडून ठेवलं आहे.

बालाघाट, वारासिवनी, कटंगी, लालबर्रा, तिकडे सिवनी-छिंदवाडा, इथं ज्यांच्या घरात मराठी अजून बोलली जाते, त्यांना माझी विनंती आहे. तुमची मुलं हिंदी शाळेत जातात, म्हणजे देवनागरी त्यांना येतेच. ‘रानवाटा’ किंवा ‘नागझिरा’ नागपूरहून किंवा गोंदियाहून मागवा, आठवड्यातून एक प्रकरण मोठ्यानं वाचून दाखवा, आणि अडेल तो शब्द घरच्या बोलीत सांगा. पुढचं पान मुलालाच वाचायला द्या.